पाण्याचे गुणधर्म व त्यांचा शेतीशी आणि आरोग्याशी संबंध
(ग्रामसेवक व शेतकरी यांच्यासाठी अभ्यासपाठ)

चंद्रपूर शहराच्या उत्तरेस ऊर्जानगर ही वसाहत आहे. येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. केंद्राला लागणारे पाणी इरई नदीवरील धरणातून येते आणि त्याच धरणाचे पाणी चंद्रपूर शहर पिते. केंद्राच्या रुंद बुडाच्या उंच मनोऱ्यांतून पांढरे लोट बाहेर पडताना दूरच्या गावांतूनही दिसतात. पुष्कळांस तो धूर वाटतो, परंतु तो धूर नव्हे. कोळशाचा धूर निराळ्या, अरुंद व अधिक उंच धुराड्यांतून जातो. रुंद मनोऱ्यांतून निघणारा लोट म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब होत.

त्याच वसाहतीत, आणि भोवतालच्या प्रत्येक खेड्यात, उन्हाळ्यात घराच्या पडवीत माठ ठेवलेला असतो. मनोरा आणि माठ यांच्या आकारात कितीही अंतर असले तरी दोहोंचे कार्य पाण्याच्या एकाच गुणधर्मावर चालते. त्याचप्रमाणे केंद्रातील बाष्पित्राच्या नळ्यांत बसणारी पुटे, चहाच्या भांड्याच्या बुडाशी जमणारा पांढरा थर, ओलिताच्या शेतात वर येणारे क्षार आणि हातपंपाच्या पाण्याने डागाळलेले मुलांचे दात यांच्या मुळाशीही पाण्याचा एकच गुण आहे. हे गुण समजून घेतल्यास शेतात व घरात कोणती काळजी घ्यावी आणि का घ्यावी याचा उलगडा होतो. प्रस्तुत पाठाचा हेतू तोच आहे.

पाण्याची घटना

प्राचीन काळी पाणी हे मूलतत्त्व मानले जात असे. १७८१ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांनी हायड्रोजन वायू हवेत व प्राणवायूत जाळून पाहिला, तेव्हा त्या ज्वलनातून पाणी तयार होते असे आढळले. फ्रान्समधील लाव्हाझिए यांनी १७८३ साली पाणी हे दोन मूलद्रव्यांचे संयुग आहे असे प्रतिपादन केले. १८०० साली निकल्सन व कार्लाइल यांनी पाण्यातून विजेचा प्रवाह सोडून त्याचे पुन्हा दोन वायूंत विघटन करून दाखविले. पाण्यात आकारमानाने दोन भाग हायड्रोजन व एक भाग प्राणवायू असतो. वजनाने मात्र हायड्रोजन एक भाग तर प्राणवायू आठ भाग भरतो.

पाण्याच्या प्रत्येक रेणूत प्राणवायूच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू एकाच बाजूस कोन करून जोडलेले असतात. त्यामुळे रेणूच्या एका टोकास किंचित ऋण आणि दुसऱ्या टोकास किंचित धन विद्युतभार राहतो. परिणामी शेजारचे रेणू लोहचुंबकाप्रमाणे एकमेकांस धरून ठेवतात. हे बंधन नसते तर पाणी आपल्या हवामानात द्रवरूपात राहिलेच नसते. तलावाच्या तळच्या गाळातून सडलेल्या अंड्यासारखी दुर्गंधी येते ती हायड्रोजन सल्फाइड या वायूची. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असूनही तो साध्या तापमानास वायुरूप असतो. पाण्याचा हलका रेणू मात्र १०० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. रेणूंच्या परस्पर आकर्षणाचा हा प्रभाव होय. पाण्याचे पुढील सर्व गुण याच एका कारणातून उद्भवतात.

उष्णता साठविण्याचा गुण

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे एक किलोकॅलरी उष्णता लागते. तितक्याच वजनाच्या कोरड्या मातीस याच्या सुमारे पाचव्या भागाइतकी उष्णता पुरते. म्हणून वैशाखात रानातील पायवाट दुपारी पाय भाजते, परंतु शेजारच्या बोडीतील पाणी कोमटच राहते. रात्री याच्या उलट घडते. माती झपाट्याने थंड होते आणि पाणी आपली उष्णता सावकाश सोडते.

या गुणाचा उपयोग रब्बी हंगामात करून घेता येतो. थंडीच्या लाटेत हरभरा, वाटाणा व भाजीपाला यांना इजा होण्याची शक्यता असेल तेव्हा सायंकाळी हलके ओलित द्यावे. ओल्या जमिनीत दिवसाची उष्णता अधिक साठते, ती रात्री हळूहळू बाहेर पडते आणि पिकालगतच्या हवेचे तापमान थोडे वर राहते.

पाणी सुमारे ४ अंशांस सर्वांत जड असते आणि त्याचा बर्फ पाण्याहून हलका असतो. थंड प्रदेशांत यामुळे तलाव वरून गोठतात व खाली मासे जगतात. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत तलाव गोठत नसल्याने या गुणाचा येथे विशेष विचार करण्याचे कारण नाही.

बाष्पीभवन : माठ, मनोरा आणि मजूर

एक लिटर पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते. परंतु तेच पाणी न उकळता, साध्या तापमानास, वाफ होऊन उडून जाण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. ही उष्णता तापमापकावर दिसत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. उडणारे पाणी ही उष्णता मागे राहिलेल्या पाण्यातून, भांड्यातून वा शरीरातून ओढून घेते.

माठाच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी पाझरते व बाहेरच्या पृष्ठभागावरून उडते. दहा लिटर पाणी ४० अंशांवरून ३० अंशांवर आणण्यास १०० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. बाहेरून आत येणारी उष्णता सोडून दिली, तर त्यासाठी सुमारे १७० ग्रॅम पाणी उडाले म्हणजे पुरते. जुना माठ थंडावा देईनासा होतो, कारण त्याची छिद्रे क्षारांनी बुजतात.

विद्युत केंद्रातही हेच घडते. कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ करून तिच्या दाबाने चक्रे फिरवितात. काम झालेली वाफ पुन्हा पाण्यात रूपांतरित करण्यासाठी तिच्यातील सुप्त उष्णता निराळ्या गार पाण्याने काढून घ्यावी लागते. ते पाणी तापते आणि मनोऱ्यात वरून थेंबाथेंबाने खाली पडताना त्याचा काही अंश उडून जाऊन उरलेले गार होते. एक लिटर पाणी उडाले की सुमारे ५८ लिटर पाणी १० अंशांनी निवते. उडालेले पाणी मात्र परत मिळत नाही. म्हणून धरणात पाणी नसेल तर कोळसा असूनही वीज निर्माण होत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात पाण्याच्या टंचाईमुळे येथील संच बंद ठेवण्याची वेळ आली होती.

या गुणाचा तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा उपयोग मनुष्याच्या शरीरास होतो. चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथे मे महिन्यात तापमान ४६-४७ अंशांवर जाते. त्याच महिन्यात हजारो स्त्रीपुरुष पहाटेपासून तेंदूपाने तोडण्यासाठी रानात जातात. हवेचे तापमान शरीराच्या ३७ अंशांहून अधिक झाले म्हणजे वाऱ्याने शरीर थंड न होता उलट तापते. अशा वेळी घाम उडून जाणे हा शरीर निवविण्याचा एकमेव मार्ग उरतो. घामासाठी पाणी नसेल तर तो मार्गही बंद होतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. हवा कोरडी असता घाम लवकर उडतो. हवा दमट असता तो अंगावरच राहतो आणि थंडावा देत नाही. म्हणूनच मे महिन्यात उत्तम चालणारे कूलर जूनमध्ये पहिल्या सरी पडताच निरुपयोगी ठरतात. जूनमधील ४० अंशांची दमट दुपार मेमधील ४४ अंशांच्या कोरड्या दुपारीहून अधिक घातक ठरू शकते. पेरणीच्या दिवसांत पारा उतरला म्हणून निर्धास्त राहू नये. मजुरांनी तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी वारंवार प्यावे. अधिक घाम गेल्यास मीठ-साखरेचे पाणी अथवा जलसंजीवनी घ्यावी. एखाद्याचे अंग अतिशय तापले, तो असंबद्ध बोलू लागला वा त्याची शुद्ध हरपू लागली, तर त्यास तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि विलंब न करता दवाखान्यात पोहोचवावे. शुद्ध हरपलेल्यास तोंडाने पाणी पाजू नये. अंगावर पाणी ओतून वारा घालणे म्हणजे न आलेल्या घामाचे काम बाहेरच्या पाण्याने करून घेणे होय.

तलावातील घट

पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधण्याची परंपरा आहे. पुढे मालगुजारांच्या ताब्यात आलेले हे तलाव आज मामा तलाव म्हणून ओळखले जातात व नागभीड, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी या भागांतील धानाचा तो मोठा आधार आहे. या तलावांतील पाणी सांडवा, पाट व झिरप यांवाटे जाते, तसेच ते आकाशातही जाते. एक हेक्टर क्षेत्रावरील एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. दहा हेक्टर पसरलेल्या तलावातून उन्हाळ्यात दिवसाकाठी ८ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर ती घट रोज आठ लाख लिटर होते.

बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते. खोलीशी त्याचा संबंध नाही. म्हणून गाळाने भरून उथळ व पसरट झालेल्या तलावातून साठ्याच्या मानाने अधिक पाणी जाते. गाळ काढल्याने तलावाची धारणशक्ती वाढते आणि पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे उघडा पृष्ठभाग कमी होतो, असा दुहेरी लाभ आहे. काढलेला गाळ हलक्या जमिनीत टाकल्यास तिची ओल धरण्याची शक्ती वाढते. पाळीवरील झाडे राखावी. ती वाऱ्याचा वेग कमी करतात. मात्र पाळीच्या मातीत मुळांनी फटी पडणार नाहीत इतके अंतर ठेवूनच नवी झाडे लावावी.

पृष्ठताण व केशाकर्षण

पाण्याच्या पृष्ठभागावरील रेणूंना खालचे व बाजूचे रेणू ओढून धरतात, म्हणून पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. अळवाच्या व धानाच्या पानावर पाणी न पसरता गोल थेंब होऊन घरंगळते ते याच कारणाने. औषधाची फवारणी करताना हाच पृष्ठताण आड येतो. पानावर न टिकलेले औषध जमिनीत जाते व खर्च वाया जातो. शिफारस केलेला चिकट द्रव द्रावणात मिसळल्यास पृष्ठताण कमी होऊन थेंब पानावर पसरतो. फवारणीचे पाणी कसे आहे हेही पाहिले पाहिजे. चुनखडीच्या विहिरीचे जड पाणी काही तणनाशकांची शक्ती कमी करते आणि अल्कधर्मी पाण्यात काही कीटकनाशके लवकर विघटित होतात. द्रावण लागेल तेवढेच करावे व तत्काळ वापरावे.

बारीक नळीत पाणी आपोआप वर चढते, यास केशाकर्षण म्हणतात. कंदिलाच्या वातीत तेल चढते त्याचप्रमाणे जमिनीच्या कणांमधील सूक्ष्म पोकळ्यांतून ओल वर येते. नळी जितकी बारीक तितकी चढण अधिक, पण गती कमी. रेताड जमिनीत पाणी थोडेच वर येते; वर्धा नदीच्या खोऱ्यातील भारी काळ्या जमिनीत ते बऱ्याच खोलीवरून, परंतु सावकाश वर येते. वर आलेली ओल पृष्ठभागावरून उडून जाते. डवरणी व वखरणी यांनी वरचा थर भुसभुशीत केला म्हणजे या नळ्या तुटतात आणि काळ्या जमिनीस पडलेल्या भेगा बुजतात. एक डवरणी म्हणजे अर्धे ओलित, या जुन्या जाणत्या शेतकऱ्यांच्या अनुभवास असा शास्त्राचा आधार आहे. काडीकचऱ्याचे आच्छादनही हेच कार्य करते.

धानाच्या बांधीत शेतकऱ्यास याच्या उलट हवे असते. चिखलणीने मातीचे मोठे पोकळ भाग मोडतात, बारीक कण तळाशी बसून थर घट्ट होतो व पाणी झिरपणे मंदावते. साचलेल्या पाण्यातून प्राणवायू मातीत फारच सावकाश उतरतो. धानाच्या मुळांना पानांवाटे हवा मिळते म्हणून धान तगते. तूर किंवा कापूस अशा जमिनीत गुदमरतो. हवेविना असलेल्या चिखलात नत्राचे काही रूप वायू होऊन उडते. म्हणून युरिया एकाच वेळी न देता हप्त्यांनी द्यावा आणि तो देताना बांधीतील पाणी कमी करावे.

पाणी उडते, क्षार राहतात

पाण्याइतके अधिक पदार्थ विरघळविणारा दुसरा सर्वसामान्य द्रव नाही. रेणूंच्या दोन टोकांवरील भारामुळे ते क्षारांचे कण सुटे करून आपल्यात सामावून घेते. पावसाचे पाणी जवळजवळ शुद्ध असते. जमिनीत मुरताना ते कर्बाम्ल वायू घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि ज्या खडकातून जाते त्याचा अंश उचलते. राजुरा व कोरपना भागांतील चुनखडीतून ते चुना घेते, इतरत्र लोह, मीठ अथवा फ्लोराईड घेते. म्हणून दोन विहिरी हाकेच्या अंतरावर असूनही त्यांचे पाणी निराळे असू शकते.

यापुढील नियम प्रत्येकाने पाठ करावा : पाणी उडते तेव्हा ते एकटेच उडते, त्यातील क्षार मागे राहतात.

मनोऱ्यात फिरणारे पाणी उडत जाते तसे उरलेल्या पाण्यातील क्षार वाढत जातात. म्हणून त्यातील काही पाणी सतत बाहेर सोडून नवे घ्यावे लागते. बाष्पित्रात घालावयाचे पाणी तर आधीच क्षारमुक्त करून घेतात, कारण नळीच्या आत क्षारांचे पातळ पूट बसले तरी उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि नळी तापून फुटण्याचा संभव असतो.

शेतात तोच नियम लागू पडतो. विहिरीच्या एका लिटर पाण्यात ५०० मिलिग्रॅम क्षार आहेत असे धरा. एक एकरास ५ सेंटिमीटर ओलित दिले तर सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते, आणि त्याबरोबर १०० किलो क्षार जमिनीत पडतात. अशी पाच ओलिते दिल्यास क्षार ५०० किलो होतात. पीक पाणी घेते, पण बहुतेक क्षार मातीत ठेवते. पावसाळ्यात भरपूर पाऊस पडून निचरा चांगला झाला तर ते धुऊन जातात. निचरा नसेल तर केशाकर्षणाने वर येऊन पांढरी पापडी धरतात. क्षारांत सोडियमचे प्रमाण अधिक असेल तर काळ्या मातीचे कण विस्कटतात, जमीन ओली असता चिकट व वाळली असता दगडासारखी होते. अशा जमिनीस प्रथम चर खोदून निचरा करून द्यावा, आणि माती-परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे जिप्सम द्यावे. निचऱ्याविना जिप्सम घालणे व्यर्थ होय.

दुष्फेन पाणी

ज्या पाण्यात साबणास फेस येत नाही ते दुष्फेन अथवा जड पाणी होय. त्यात चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. हे क्षार बायकार्बोनेट रूपात असतील तर पाणी उकळल्याने कर्बाम्ल वायू निघून जातो व चुना तळाशी बसतो. यास तात्पुरता जडपणा म्हणतात. भांड्याच्या बुडाशी जमणारा पांढरा थर तो हाच. सल्फेट व क्लोराईड रूपातील जडपणा उकळून जात नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम ठरविली आहे. जड पाण्याने साबण अधिक लागतो, डाळ शिजत नाही, चव मचूळ लागते. ही गैरसोय खरी. तथापि केवळ जडपणामुळे पाणी विषारी ठरत नाही. हे सांगण्याचे कारण पुढील भागात स्पष्ट होईल.

गोड पाण्याचा धोका : फ्लोराईड

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्यासह अनेक तालुक्यांतील भूजलात फ्लोराईड मर्यादेबाहेर आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही अखेरची मर्यादा होय. याहून अधिक फ्लोराईडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर दातांवर पांढरे, पुढे पिवळे-तपकिरी आडवे पट्टे येतात. प्रमाण फार अधिक असेल तर हाडे व सांधे ताठर होतात, पाठ वाकते आणि उमेदीच्या वयातील मनुष्य काम करण्यास असमर्थ होतो. पक्के दात हिरड्यांत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारणपणे आठ वर्षांपर्यंत, मुलांना धोका सर्वाधिक असतो. हे डाग नंतर कोणत्याही मंजनाने जात नाहीत आणि वाकलेली हाडे सरळ होत नाहीत. हा रोग बरा करण्याचा नव्हे, टाळण्याचा आहे.

या बाबतीत खेडोपाडी तीन गैरसमज आढळतात.

पहिला गैरसमज असा की, चवीस गोड व साबणास भरपूर फेस देणारे पाणी उत्तम. रसायनशास्त्र निराळे सांगते. चुना व फ्लोराईड एकत्र आले की त्यांचे अत्यल्प विद्राव्य संयुग बनते. म्हणून ज्या पाण्यात चुना भरपूर असतो त्यात फ्लोराईड बहुधा फार विरघळून राहू शकत नाही. ज्यात चुना कमी व सोडियम अधिक, अशा मऊ पाण्यात ते वाढण्यास वाव मिळतो. याचा अर्थ प्रत्येक गोड पाणी वाईट वा प्रत्येक जड पाणी निर्दोष असा नव्हे. परंतु गावाने मचूळ विहीर सोडून गोड हातपंप धरला असेल, तर तो तपासल्यावाचून निर्णय घेणे धोक्याचे आहे.

दुसरा गैरसमज असा की, पाणी उकळले की सर्व दोष जातात. पाण्याचे दोष दोन प्रकारचे असतात : जिवंत व विरघळलेले. रोगजंतू उकळण्याने मरतात, ब्लीचिंग पावडरनेही मरतात. फ्लोराईड व नायट्रेट मात्र विरघळलेले क्षार आहेत. उकळताना पाणी उडते आणि क्षार राहतात. दोन लिटर पाणी आटवून एक लिटर केले, तर त्यातील फ्लोराईडचे प्रमाण दुप्पट होते. नायट्रेटचेही तसेच. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून त्याहून अधिक प्रमाण तान्ह्या बाळांस घातक ठरते. शेणखताचा खड्डा व गुरांचा गोठा विहिरीपासून दूर आणि उताराच्या बाजूस असावा याचे हेही एक कारण आहे.

तिसरा गैरसमज असा की, स्वच्छ व नितळ दिसणारे पाणी निर्दोष असते. फ्लोराईडला रंग, वास वा चव नाही. ते डोळ्यांनी वा जिभेने ओळखता येत नाही. केवळ तपासणीनेच कळते.

उपाय पुढील क्रमाने योजावेत. प्रथम पर्यायी स्रोत शोधावा. खोल विंधन विहिरीपेक्षा तलावालगतच्या उथळ विहिरीत फ्लोराईड कमी आढळण्याचा संभव असतो, पण अशा विहिरीत जंतूंचा धोका अधिक म्हणून तिचे शुद्धीकरण नियमित करावे. पावसाच्या पाण्यात फ्लोराईड जवळजवळ नसते. छपरावरचे पाणी, पहिल्या सरी सोडून देऊन, झाकलेल्या टाकीत साठविल्यास निदान लहान मुलांच्या पिण्यापुरता प्रश्न सुटतो. पर्याय नसेल तेथे नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धती उपयोगी पडते. तीत तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर मिसळून पाणी ढवळतात व निवळू देतात. फ्लोराईड गाळाबरोबर तळाशी बसते. तुरटीची मात्रा पाण्यातील फ्लोराईड व अल्कता पाहून प्रयोगशाळेच्या सल्ल्यानेच ठरवावी. अंदाजाने घातलेली तुरटी फ्लोराईड पुरते काढीत नाही आणि पाण्यात दुसरा दोष निर्माण करते. आहारात दूध, पालेभाज्या, आवळा व लिंबू असल्यास दुष्परिणाम काहीसे कमी होतात, पण आहार हा निर्दोष पाण्याचा पर्याय नव्हे.

दोषी ठरलेला हातपंप उखडून टाकण्याचे कारण नाही. तो लाल रंगाने रंगवून धुणे, भांडी व गुरांचे गोठे धुण्यासाठी ठेवावा. पिण्याचा व स्वयंपाकाचा स्रोत निळ्या वा हिरव्या रंगाने ठळक दाखवावा. रंगाचा अर्थ ग्रामसभेत आणि शाळेत समजावून सांगावा, नाहीतर रंग राहतो आणि पाणी तेच प्यायले जाते.

पाण्यातील प्राणवायू

पाण्यात वायूही विरघळतात. थंड पाणी अधिक, तर तापलेले पाणी कमी प्राणवायू धरते. २० अंशांस लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांस साडेसात. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात. म्हणून उन्हाळ्यात उथळ तलावातील मासे पहाटेस पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. ढीवर बांधव हे चिन्ह ओळखतात. अशा वेळी शेण वा खाद्य टाकणे थांबवावे, शक्य असल्यास पंपाने पाणी उंचावरून तलावात पाडावे व मोठे मासे वेळीच काढून घ्यावेत.

ग्रामसेवकाने करून दाखवावयाचे प्रयोग

१. दोन सारख्या बाटल्यांत पावसाचे व विहिरीचे समान पाणी घ्यावे. दोहोंत साबणाच्या द्रावणाचे सारखेच थेंब टाकून हलवावे व फेसाची उंची पाहावी. यासाठी धुण्याची पावडर घेऊ नये; तिला जड पाण्यातही फेस येतो.

२. काचेच्या स्वच्छ तुकड्यावर निरनिराळ्या स्रोतांच्या पाण्याचा एकेक थेंब ठेवून उन्हात वाळवावा. मागे राहिलेला पांढरा डाग म्हणजे त्या पाण्यातील क्षार होत.

३. दोन मडक्यांत समान पाणी भरावे. एकास बाहेरून तेलरंग लावून छिद्रे बुजवावी. दुसऱ्या दिवशी दुपारी दोहोंतील पाणी हाताने चाखून नव्हे, तर तापमापकाने मोजून दाखवावे.

या प्रयोगांनी जडपणा, क्षार व बाष्पीभवन समजते. फ्लोराईड समजत नाही. त्यासाठी गावास मिळालेला क्षेत्रीय तपासणी संच वापरावा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांस असा संच हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. संचाने शंका दाखविल्यास नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

रासायनिक तपासणीचा नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या एक लिटर बाटलीत घ्यावा. हातपंप प्रथम काही मिनिटे चालवावा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, मगच भरावी. गाव, स्रोत, खोली व दिनांक यांची चिठ्ठी लावावी. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी. ती विसळू नये व थंड ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावी. वर्षातून एकदा घेतलेला नमुना पुरेसा समजू नये. पावसाळ्यापूर्वी क्षार अधिक व पावसाळ्यात जंतू अधिक, असा पाण्याचा स्वभाव असल्याने दोन्ही वेळा तपासणी करावी, आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर सर्वांस वाचता येईल असा लावावा.

समारोप

पाणी उष्णता साठविते, उडताना थंडावा देते, बारीक वाटांनी वर चढते आणि जे भेटेल ते विरघळवून बरोबर नेते. ऊर्जानगरातील अभियंता, सिंदेवाहीचा धान उत्पादक आणि माठ भरणारी गृहिणी यांस पाण्याचे हेच नियम पाळावे लागतात. केंद्रातील यंत्रांस घालावयाचे पाणी रोज तपासले जाते, कारण नळी फुटली तर नुकसान मोठे होते. गावातील मुले जे पाणी पितात त्याची तपासणी निदान वर्षातून दोनदा व्हावी, ही अपेक्षा अधिक नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. मे महिन्यात कूलर चांगला चालतो व जुलैमध्ये चालत नाही, याचे कारण काय?
२. आपल्या गावातील तलावाचे क्षेत्र किती? दिवसाकाठी ८ मिलिमीटर पाणी उडाल्यास एका महिन्यात किती लिटर घट होईल?
३. फ्लोराईडचे पाणी उकळून पिणे हानिकारक का ठरते?
४. निचरा नसलेल्या ओलिताच्या जमिनीवर पांढरी पापडी का येते?
५. गावातील पिण्याच्या प्रत्येक स्रोताची शेवटची तपासणी कोणत्या दिनांकास झाली आणि तिचा निकाल काय आला?